डावीकडचा डाग

बसा, ती खुर्ची जरा इकडे ओढून घ्या. खिडक्या मी मुद्दाम झाकल्यात. फोटोंचे रंग स्क्रीनवर खरे दिसायला हवे असतील तर खोली दिवसाही अंधारी लागते.

माझं नाव कॉल. मी दुधाचा टँकर चालवतो. पहाटे तीनला निघायचं, विनयार्ड गावाच्या आसपासच्या डेअऱ्यांवरून दूध उचलायचं, दुपारी दोनला घरी. मग डोळा लागेपर्यंतचा तासभर माझा, तेवढ्यात शनिवारी काढलेले फोटो कॉम्प्युटरवर सुधारून उरकायचे. आमच्या कॅमेरा क्लबात सगळ्यांचं असंच रडगाणं. अपवाद एकच, लोर्ना पिअर्स. वृद्धाश्रमात नर्स, बऱ्याचदा दोन पाळ्या, वर नातवंडं सांभाळायची, आणि तरी बाईचे चाळीस फोटो पंधरा मिनिटांत तयार. दर महिन्याला बाहेरून परीक्षक यायचा, नावं न सांगता फोटो दाखवले जायचे, आणि पहिला नंबर लोर्नाचा. नऊ वर्षं मी दुसरा. टाळ्या वाजवताना माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला सांगू. मला वर्षअखेरचा चषक एकदा तरी तिच्या कपाटाऐवजी माझ्या कपाटात हवा होता.

मार्चच्या सभेनंतर चहाच्या टेबलाशी मी तिला गाठलं. "लोर्ना, खरं सांग, कुणाकडून करून घेतेस?"

"तुझ्या गाईंकडून," ती म्हणाली. मग तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. "घे. माझी सेटिंग्ज आहेत. सगळ्या फोटोंवर एका झटक्यात उतरव आणि झोप जा. फक्त डाग पुसण्यापुढची खूण काढू नकोस."

हे उलटंच होतं. सेटिंग्ज उतरवताना यादी येते: उजेड, रंग, कातरणं, कॅमेऱ्यातल्या धुळीचे डाग पुसणं. हवं त्यापुढे खूण करायची. शेवटची खूण नवशिकासुद्धा आधी काढतो, कारण एका फोटोत जिथं डाग पुसला, नेमकी तीच जागा बाकीच्या सगळ्या फोटोंतही पुसली जाते. एखाद्या सीगलचं मुंडकंच उडतं.

"तुझ्या कॅमेऱ्यातली धूळ माझ्या फोटोत कशाला पुसू?"

"ठेव म्हटलं ना, कॉल." तिचा आवाज खाली आला. "अकरा वर्षं मी ठेवलीय."

मेख इथंच आहे, मी मनात म्हटलं. काहीतरी लपवतेय बया.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इथंच बसलो होतो. वारा छपराच्या पत्र्याशी झोंबत होता, कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. शनिवारचे त्रेचाळीस फोटो, सगळे ओहोटीच्या वेळचे. त्या दिवशी किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याच संध्याकाळी मी एकेक फोटो मोठा करून पाहिलाही होता. लोर्नाची सेटिंग्ज उतरवली आणि उजेड असा काही उमलला की माझा हेवा दुप्पट झाला. डाव्या कोपऱ्यात मात्र बोटभर वाळू सगळ्या फोटोंत पुसलेली.

मी खूण काढली.

त्या जागी एक बाई उभी होती. ओला, लांब कोट. पाठमोरी. पुढचा फोटो... तिथंच. त्याच्या पुढचा... तिथंच. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. मूळ फोटो उघडले, तर त्यांतही ती. खोलीत कुजलेल्या शेवाळाचा वास सुटला होता, आणि समुद्र तर आमच्या घरापासून सहा किलोमीटर.

माझी बायको ग्लेनिस चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "कोण रे ती?"

"असेल कुणीतरी फिरायला आलेली."

"मला नाही बरी वाटत. पुसून टाक."

पुसायलाच हवी होती. पण तिच्यामुळे त्या ओसाड वाळूत जीव आला होता. असा फोटो लोर्नाला जन्मात जमला नसता. मी त्यातला एक क्लबाला तसाच पाठवला.

एप्रिलच्या सभेत परीक्षक म्हणाला, या बाईवरून नजर हटत नाही. पहिला नंबर माझा. टाळ्यांमध्ये लोर्ना माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक.

"तू खूण काढलीस."

"काढली. झोंबलं?"

"कॉल... माझ्या फोटोंत ती नेहमी पाठमोरी असायची. तुझ्यात तिनं मान वळवलीय." तिनं माझं मनगट धरलं. "घरी जाऊन पुस. दर वेळी पुसत जा. पुसलं की ती आहे तिथंच राहते..."

मी पाठवला तेव्हा तर ती पाठमोरीच होती. मला वाटलं, जळतेय. नऊ वर्षं मी तेच केलं होतं, मला ते ओळखू येतं. मेमध्ये मी गोठ्याचे फोटो काढले. ती अर्धी वळलेली होती, आणि बरीच जवळ. पहिला नंबर. जूनमध्ये ती इतकी जवळ होती की चौकटीत नुसता कोटाचा खांदा आणि ओले केस मावले. पुन्हा पहिला. जुलैपासून ती दिसेनाशी झाली. खूण काढून पाहिलं, मूळ फोटो तपासले, कुठंच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट रागच आला. वाटलं, गेली परत लोर्नाकडे.

परवा रविवारी ग्लेनिसचा वाढदिवस होता. दुपारी व्हरांड्यात जेवणं झाली, केक कापला, मी अठ्ठावीस फोटो काढले. ते आज इथं उघडले. तुम्हीही बघा. तिची बहीण, बहिणीचा नवरा, टेबलाखालचा कुत्रासुद्धा. एकाचीही नजर कॅमेऱ्याकडे नाही. सगळे माझ्या डाव्या खांद्याच्या जरा बाजूला बघताहेत. तिथं कुणीही नव्हतं.

ग्लेनिसला विचारलं, कुणाकडे बघत होतीस? म्हणाली, "तुझ्याकडंच की."

हा शेवटचा बघा. भीती मला नंतर वाटली, आधी अंगाचा तिळपापड झाला. ग्लेनिस त्या रिकाम्या जागेकडे बघून हसतेय. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्याकडे बघून ती अशी एकदाही हसलेली नाही.