काळ्या पट्टीचा लंबू

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तो मरायला टेकला होता. म्हणजे, तसं सोंग घेऊन पडला होता! युद्ध, भूकंप, पूर अशा जागी मदतीला जाणाऱ्या डॉक्टरांचं ते सराव शिबिर, आणि त्या सकाळी जखमी व्हायची पाळी या लंबूची होती. तोही डॉक्टरच. पोटाला लाल रंग फासून गवतावर ऐसपैस पसरला होता.

नियम सरळ होता. एका जखमीपाशी तीस सेकंद. तातडीचा असेल त्याला लाल पट्टी, थांबू शकेल त्याला पिवळी, आणि वाचणारच नाही त्याच्या गळ्यात काळी घालून पुढे पळायचं. तिने काळी काढली... तर तो कुजबुजला, “डॉक्टर, थोडं बसा ना.” शिकवलेलंच वाक्य ते. पण ही बाई बसली की हो! त्याचा हात धरून चांगली चार मिनिटं बसली. तेवढ्यात तिकडे दोन लाल पट्टीवाले हकनाक ‘गेले’.

शिबिर घेणाऱ्या सरांनी तिला सगळ्यांदेखत नापास केलं. उद्या पुन्हा परीक्षा; चुकली तर पथकातून नाव बाद. या पथकासाठी तिने पक्की नोकरी सोडली होती, आईचा अबोला ओढवून घेतला होता. ती तोंड पाडून बसली तेव्हा लंबू चहा घेऊन आला आणि चूक माझीच म्हणाला. तुमचा हात खरंच गार पडला होता, ती म्हणाली. मग दोघं इतकं बोलत बसले की चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने हट्टाने पुन्हा तीच काळ्या पट्टीची जागा मागून घेतली. ती वाकली.

“आज बसायचं नाही,” तो डोळे मिटूनच पुटपुटला.

“पण मला तुम्ही—”

“माहितीये. मलाही तू... म्हणून तर सांगतोय. ऊठ.”

ती उठली. पास झाली, आणि आठवड्याभरात पथकाबरोबर परदेशी रवानाही झाली. वर्षाचं काम तीन वर्षं लांबलं. तोवर तो दुसऱ्या पथकातून भलतीकडेच गेला. भांडण नाही, तंटा नाही, पत्रं तेवढी विरळ होत थांबली. तिने शेकडो जीव वाचवले. पश्चात्ताप म्हणाल तर नाही, आठवण मात्र फार येते.

परवा विमानतळावर गर्दीत एक उंच माणूस पाठमोरा दिसला. पन्नाशीची ही डॉक्टर सामान तिथंच टाकून धावत सुटली. तो नव्हता. ती स्वतःशीच हसली, डोळे पुसले, आणि सामान उचलून रांगेत येऊन उभी राहिली.