चांदवडच्या भाकरीचा डोहाळा

खंडेराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. माणूस सरळ, कामाला वाघ; खोड एकच. दुसऱ्याच्या वाटणीचा घास दिसला, की हात आवरत नसे. लग्नात त्यानं नवरदेवाच्या ताटातली जिलबी उचलली होती, तीही स्वतःच्या साडूच्या.

बायको सायली सहाव्या महिन्यात होती आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचं वजन अडलंय. शुक्रवारपर्यंत वाढलं नाही, तर दाखल करावं लागेल."

सरुबाईचं, म्हणजे खंडेरावाच्या आईचं, निदान वेगळं. "डोहाळा पुरव तिचा! नाहीतर लेकराचे कान फुटतील."

चिंचा झाल्या, कैऱ्या झाल्या, सगळं मोरीत गेलं. मंगळवारी सकाळी सायली शांतपणे म्हणाली, "चांदवडच्या कुसाबाईच्या हातची भाकरी पाहिजे. कांद्याच्या झुणक्याबरोबर."

"कोण कुसाबाई?"

"मला काय माहीत? मी कधी गेलेय चांदवडला!"

खंडेरावानं मोटारसायकल काढली. पिंपळगाव मागं पडेपर्यंत तो स्वतःलाच हसत होता. चांदवडच्या अलीकडं, कांद्याच्या चाळीच्या सावलीला, एक म्हातारी मांडीवर फडकं घेऊन बसलेली. तो विचारणार, तोच ती म्हणाली, "उशीर केला, पाव्हणं."

"तुम्ही कुसाबाई?"

"मंग काय कलेक्टर हाय? घ्या. सकाळीच निरोप आला."

"कुणी आणला?"

"दिसलं नाय कोणी. चाळीमागून आवाज आला, लय बारीक. म्हणलं, बापाच्या हाती द्या. अन् वाटंत तोंड घालू नको म्हणावं, खोड हाय त्याला."

खंडेरावाला आधी राग आला. मग त्यानं भाकरीच्या फडक्याला दुहेरी गाठ मारली. तरी पिंपळगावच्या पुलाखाली गाडी थांबलीच. एक कड. एवढीशी.

उरलेली सायलीनं चाटूनपुसून खाल्ली. उलटी नाही. शुक्रवारी वजन वाढलेलं निघालं. सरुबाईनं गल्लीभर साखर वाटली.

"भरलं ना पोट?" त्यानं लाडानं विचारलं.

"माझं भरलं," सायली म्हणाली. "ते म्हणतंय, एक घास कमी आला."

शनिवारी कामावर खंडेरावानं जेवणाचा डबा सोडला. कडी घट्ट होती. झाकण त्यानंच काढलं.

भाकरीची एक कड नव्हती.

मोडलेली नव्हती. बिनदाताच्या हिरड्यांनी चोखून नेलेली. जागा अजून ओली होती.