वादळातलं पातेलं

बसा, दिवा जरा जवळ घेते. माझा नवरा उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात जाऊन आला, आणि आल्यापासून बोलतच सुटला. शाळा, क्लब, वाचनालयं, कुणी बोलावलं की स्वारी निघाली. घरात दहादा विचारल्यावर एकदा 'हं' म्हणणारा माणूस व्यासपीठावर तासभर बोलतो, हे बघून मला आधी हसूच यायचं. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र सांभाळायला मी बरोबर जायची.

मोहिमेवर दोघं गेले होते, तो आणि माझा धाकटा भाऊ. परत हा एकटाच आला. धाकट्याचं काहीच हाती लागलं नाही, त्यामुळे आई अजून रोज त्याचं अंथरूण घालून ठेवते.

व्याख्यानाचा शेवट ठरलेला. बर्फ वितळवायला नेलेलं, पोचे पडलेलं पातेलं तो हातात घ्यायचा आणि सांगायचा, वादळात कुणी तंबूबाहेर गेलं तर आतल्याने हे वाजवत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला आवाजाच्या रोखाने परत येता येतं. त्या वाऱ्यात हाक कळत नाही, अंधारात चेहरा दिसत नाही. म्हणून बाहेरचा आत येऊन वाजवणाऱ्याचं मनगट धरेपर्यंत हात थांबवायचा नाही. मग म्हणायचा, धाकटा तंबूचे दोर आवळायला बाहेर गेला, मी हात सुजेपर्यंत वाजवलं, पण मनगट कुणी धरलं नाही. एवढं बोलून तो दिवे घालवायला लावायचा आणि पळीने थोडा वेळ वाजवून दाखवायचा. मग दिवे, टाळ्या, प्रश्न.

पहिल्यांदा मला फक्त पायांशी गारवा लागला. जुनी इमारत, फटीतून वारा येत असेल म्हटलं. पुढच्या ठिकाणी तो वाजवत असताना बाहेर लांबवर कुणीतरी पाय ओढत चालत होतं. त्याच्या पुढच्या खेपेला ती पावलं थेट सभागृहाच्या दाराशी आली आणि बर्फ झाडावा तसे बूट आपटल्याचा आवाज झाला. तेवढ्यात नवऱ्याने पळी खाली ठेवली. बाहेरची पावलं थबकली, इकडे गेली, तिकडे गेली, आणि विरली. मी दार उघडून पाहिलं. कडक उन्हाळ्याचे दिवस, आणि पायरी ओली.

भीती वाटली मला. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. माझ्या भावाला हा माणूस जागोजागी बोलावत होता आणि दारात पोचल्यावर परत पाठवत होता.

घरी मी विषय काढला. आधी म्हणाला, सगळे मनाचे खेळ. मग म्हणाला, लोकांना प्रश्न विचारायचे असतात, किती वेळ बडवत बसू? मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा मान खाली घालून हळूच बोलला.

"मलाही ऐकू येतात ती पावलं. म्हणूनच थांबतो मी."

"अहो, पण धाकटा आहे तो..."

"आणि नसला तर?"

माझ्या मनाला ते पटलं नाही. मला माझा भाऊ हवा होता, जसा असेल तसा.

पुढचं व्याख्यान एका वाचनालयात होतं, भर दुपारी. पडदे ओढून अंधार केलेला. तो वाजवायला लागला आणि पावलं या वेळी लगेच आली, वाट पाठ झाल्यासारखी. बूट आपटले. नवऱ्याचा हात मंदावला. मी यंत्र सोडून पुढे धावले आणि त्याच्या हातातली पळी हिसकावून घेतली. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, कुणीतरी खुसखुसलंसुद्धा.

मी वाजवत राहिले. दार उघडलं. दुपारचा उजेड आत यायला हवा होता. आला तो नुसता गारठा, आणि ओल्या लोकरीचा, रॉकेलचा वास. खुर्च्यांमधल्या वाटेने पावलं पुढे येऊ लागली, तसतशी माणसं गप्प होत गेली. नवरा माझ्या कानाशी पुटपुटत होता, "थांब... ऐक माझं... थांब..." मी ऐकलं नाही.

"ये रे... इकडे ये..." मी म्हणत होते. रडत होते की हसत होते, कोण जाणे.

पावलं माझ्यासमोर थांबली. बर्फासारख्या गार हातमोज्याने माझं मनगट धरलं, आणि मी वाजवायचं थांबवलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आईला कसं सांगायचं, तेही मनात जुळवू लागले.

त्या शांततेत, इमारतीबाहेरून, फार लांबून धाकट्याचा आवाज आला.

"ताई... थांबू नकोस गं... मी अजून बाहेरच आहे..."

मी पळी उचलायला गेले, तर मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली.