नुआरेचं पहिलं गाणं

नियंत्रणकक्षाच्या काचेपलीकडे पाच हजार प्रेक्षक कानांत रुचिश्रावक खोचून बसले होते. ध्वनितज्ज्ञ डॉ. हेमांगी टिपणीसला त्यांच्याकडे बघवेना. आणि नाव काय, तर विश्वगान स्पर्धा!

"म्हणजे गायिकेचा आवाज थेट पोचतच नाही?" तिनं विचारलं.

"बाहेरचा आवाज पूर्ण बंद," यंत्रणाप्रमुख केंकरे कौतुकानं म्हणाले. "गाणं आधी यंत्रात येतं. कुणाच्या मेंदूला काय रुचतं, ते यंत्राला ठाऊक असतं. न रुचणारं काढायचं, रुचणारं भरायचं. सगळे खूश! घरोघरी हेच. तुमच्या नुआरे बेटावरही घरटी श्रावक वाटलेत. गुणसुद्धा मेंदूच देतो."

"मग गाणं ऐकतं कोण?"

"मॅडम, तुम्ही पण ना!"

अकराशे वस्तीच्या नुआरे देशाचा हा पहिलाच सहभाग. तिथल्या गायिका तेलुमाआजींना, बेटावरची गाणी नोंदवायला गेलेल्या हेमांगीनंच गळ घालून आणलं होतं. बेट पाण्याखाली जायच्या आत जगानं आपलं गाणं एकदा ऐकावं, एवढंच आजींचं मागणं होतं.

आजी मंचावर आल्या आणि थांबल्या.

त्या का थांबल्या, ते हेमांगीच्या लगेच लक्षात आलं. नुआरेत श्रोत्यांनी आधी गुणगुणून सूर द्यायचा, मगच गाणाऱ्यानं तोंड उघडायचं. त्याआधी गाणं म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीला बसणं. कार्यक्रमपत्रिकेत तिनं तशी सूचना छापून घेतली होती. पण पत्रिका वाचतो कोण! तिनं काचेवर थापा मारल्या, स्वतः सूर धरला. काच ध्वनिरोधक होती.

तीन मिनिटं आजी वाट बघत राहिल्या. मग नमस्कार करून आत गेल्या.

सभागृह उभं राहिलं. माणसं चक्क रडत होती.

"शंभरपैकी शंभर!" केंकरे ओरडले. "आजवर कुणालाच मिळाले नव्हते!"

"अहो, त्या गायल्याच नाहीत!"

"म्हणून तर! काढायला काही नव्हतंच. सगळं रुचणारंच भरता आलं."

हेमांगीला शिसारी आली. या माणसाशी बोलून तोंड विटाळायचीही तिची इच्छा उरली नाही. ती आत धावली.

"कुणालाच नको होतं का गं आमचं गाणं?" आजींनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत बेटावरून आजींच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मागे अख्खं गाव जल्लोष करत होतं.

"अगं ताई, आम्ही इथून सूर दिला आणि तू लगेच उचललास! जन्मात इतकं गोड गायली नव्हतीस. आता आलीस की तसंच गा हं. ते आधीचं नको."

आजींनी फोन हेमांगीच्या हातात दिला.