एका हस्ताक्षराची एकशे चौसष्ट मतं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लोकसंगीत महोत्सवाच्या कार्यालयाखाली पसंतीच्या मतांचा तक्ता लागला. पुढच्या वर्षी कोणाला ऐकायचंय, ते रसिकांनी चिठ्ठ्यांवर लिहून कळवलं होतं. नदीवरची गाणी गाणाऱ्या होडीवाल्या आजींचं नाव तक्त्यात शेवटून दुसरं होतं. त्यापुढे आकडा होता — एक.

एक वाजून पाच मिनिटांनी डोळ्यांच्या दवाखान्यातली परिचारिका त्या तक्त्यासमोर उभी होती. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, डबा तसाच पडलेला. तिने तो आकडा तीनदा वाचला. बोटाने पुसून पाहिला, न जाणो माशी बसली असेल. मग ती तरातरा जिना चढली.

कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक लांब टेबल, आणि त्यावर रबरबँड लावलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे, सगळे एका रेषेत. टेबलामागे पस्तिशीचा एक माणूस पट्टीने कागदावर रेघ मारत होता. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्याने पंखाच बंद ठेवला होता, आणि स्वतः घामाने निथळत होता.

"मोजणी कोणी केली?" तिने विचारलं.

"मी."

"शाळेत गणित होतं का तुम्हाला?"

त्याने रेघ पूर्ण केली, मगच वर पाहिलं. "होतं. बरं होतं."

"मग एकशे एकोणपन्नासचा एक कसा झाला?"

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. पांढरा कोट, खिशातून डोकावणारी थेंबांची बाटली, स्पिरिटचा वास... मग त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं.

"अच्छा. म्हणजे ते अक्षर तुमचं."

"कुठलं अक्षर?"

"गोल, टपोरं. प्रत्येक रेघ सरळ. चांगलं अक्षर आहे, खरंच. म्हणून तर पकडलं गेलं."

पकडलं गेलं. हे दोन शब्द तिच्या कानात गरम तेलासारखे गेले.

या माणसाला महोत्सवात सगळे 'तराजू' म्हणत. तो नोकरीने वजनमापे निरीक्षक. दिवसभर दुकानादुकानांतून काटे तपासायचे, कमी भरला की दंड, बरोबर भरला की शिक्का. महोत्सवाचं काम तो सुट्टी टाकून, हौसेने करायचा. बारा कलावंतांपैकी नऊ समिती ठरवायची, तीन रसिकांच्या चिठ्ठ्या. महिनाभर सहा ठिकाणी पेट्या ठेवल्या जायच्या. यंदा त्यातली एक डोळ्यांच्या दवाखान्यात होती.

"नियम साधा आहे," तो म्हणाला. "एका हस्ताक्षराच्या कितीही चिठ्ठ्या असोत, मत एक. मागच्या वर्षी एका टोळक्याने आपल्या आवडत्या मंडळींच्या नावाने नऊशे चिठ्ठ्या कोंबल्या. ती मंडळी आली, बटण दाबलं, टेप लावली आणि तोंडं हलवली. मी तिकीट काढून आलेल्या माणसांचे चेहरे बघत होतो... त्या दिवशी ठरवलं, पुन्हा हे नाही."

रागावला की तो आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे. तिला ते अधिकच झोंबलं.

"आणि मी त्या टोळक्यातली?"

"तसं मी म्हटलं नाही."

"तक्त्यावर लिहिलंय तसं. अहो, ज्यांच्या डोळ्यावर पट्टी असते ते लिहिणार कशाने? नाकाने? एकेकाच्या खाटेपाशी बसून मी लिहून घेतलंय. नाव, वय, कोणाला ऐकायचंय आणि का. माझी ड्युटी संपल्यावर. प्रत्येकाला सांगितलंय, पेटीत टाकते, नक्की मोजतील."

त्याने उठून कपाटातून 'बाद' लिहिलेला पत्र्याचा डबा काढला, त्यातला जाड गठ्ठा टेबलावर ठेवला. वरची चिठ्ठी उलगडलेली होती. बाकीच्यांच्या घड्या तशाच होत्या.

तिने घड्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"उघडल्यासुद्धा नाहीत?"

"वर नाव-वय एकाच अक्षरात दिसलं, म्हणून..."

"गोणीतला वरचा एक दाणा बघून शिक्का मारता तुम्ही? दुकानदारांचे काटे तुम्ही तपासता. तुमचा कोण तपासतं?"

तराजूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने रबरबँड काढला आणि एक चिठ्ठी उलगडली. मग दुसरी. तिसरी तो थोड्या मोठ्याने वाचू लागला, नकळतच.

"'माझ्या नवऱ्याला ही बाई फार आवडायची. तेव्हा मी भांडायचे. आता तो नाही, मला आवडते.' ...'पट्टी सुटल्यावर आधी तिचं तोंड बघायचंय, नुसता आवाज किती वर्षं ऐकायचा.' ...'होडीवाली नको. पलीकडच्या खाटेवरचा दिवसभर तिचीच टेप लावतो, डोकं उठलंय. मला ढोलवाला पाहिजे.'"

तो थांबला. "हे... ढोलवाल्याचं मत आहे."

"मग? त्यांनी तेच सांगितलं."

"तुम्हाला होडीवाल्या हव्या होत्या, तरी तुम्ही ढोलवाल्याचं लिहिलंत?"

"मी लेखनिक होते, उमेदवार नव्हे," ती म्हणाली. घड्याळाकडे पाहिलं, आणि निघाली. दारात वळून म्हणाली, "पंखा लावा. घामाने शाई फुटेल, मग म्हणाल खाडाखोड केली."

बुधवारी संध्याकाळी घरी भाजी चिरताना तिने सगळी हकीकत वहिनीला सांगितली. कोण हा दीडशहाणा, कसली ती पट्टी, कसल्या त्या रेघा. वहिनीने सगळं ऐकून घेतलं.

"घामेजला होता म्हणालीस. कान लाल झाले म्हणालीस. आवाज खाली आणतो म्हणालीस."

"मग?"

"मग काही नाही. कांदा संपला, तू फळी चिरतेयस."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तराजू दवाखान्यात हजर झाला. हातात वही, बगलेत गठ्ठा. सगळ्या चिठ्ठ्या उघडून झाल्या होत्या: एकशे एकोणपन्नास होडीवाल्या आजींच्या, नऊ ढोलवाल्याच्या, सहा इतरांच्या. ढोलवाला एकशे अडतीस मतांनी तिसरा होता. नऊ धरून एकशे सत्तेचाळीस. आजी दोन मतांनी पुढे जात होत्या.

"दोन मतांचा प्रश्न आहे. समितीपुढे हे ठेवायचं तर पडताळणी लागेल," तो म्हणाला.

"म्हणजे अजून विश्वास नाही."

"माझा आहे. कागदाचा नाही."

"बूट बाहेर काढा," ती म्हणाली.

त्याने दवाखान्याच्या नोंदवहीतून एकशे चौसष्ट नावं ताडून पाहिली. सगळी सापडली. मग फेरतपासणीला आलेल्या एकतीस जणांना त्याने एकेक करून विचारलं. बाकावर ओळीने बसलेली माणसं, कोणाच्या डोळ्यावर काळा चष्मा, कोणाच्या हिरवा पडदा. त्यांना असा करमणुकीचा दिवस बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

"हे कोण, ताई? आपल्यातले?" एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं.

"तपासणीला आलेत, सर. तुम्ही खरं बोलता का बघायला."

"बेचाळीस वर्षं मी मुलांना उभं करून हेच विचारलं. आता माझी पाळी. विचारा."

एका धोबीणबाईंनी तर तराजूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. नवा डोळा बारीक करून नीट पाहिलं. "दिसायला बरा आहे. बोलायला शिकवावं लागेल."

"आजी, तुम्ही कोणाचं नाव सांगितलं होतंत?"

"होडीवालीचं. पण आता विचारतोस तर तो ढोलवाला—"

"तेव्हा सांगितलेलं धरायचं," तो घाईघाईने म्हणाला, आणि परिचारिकेने तोंड फिरवलं. हसू दिसू द्यायचं नव्हतं. राग अजून संपलेला नव्हता, आणि तो तिला इतक्यात संपवायचाही नव्हता.

एकतीसच्या एकतीस बरोबर निघाल्या. वही मिटताना त्याने विचारलं, "एक राहिलं. तुमची स्वतःची चिठ्ठी कुठाय?"

"टाकलीच नाही."

"का?"

"राहून गेली... रोज कोणीतरी हाक मारायचं. ताई, माझी लिहा."

थेंबांच्या बाटलीचं टोपण खाली पडलं होतं, ते त्याने वाकून उचललं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं. बोटं जरा जास्त वेळ... एवढंच.

"तुमचं मत कोणाला होतं?" तिने विचारलं.

"ढोलवाल्याला," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

शनिवारी दुपारी चार वाजता समितीची बैठक सुरू झाली. नावांचा कागद सहा वाजता छापखान्यात जायचा होता. बाहेर पावसाची भुरभुर होती, सायकलवाल्याने अर्धं शटर ओढलं होतं. परिचारिका जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिली. पाच वाजता तराजू आतून बाहेर आला आणि दोन पायऱ्या खाली, तिच्या शेजारी नाही पण जवळ, बसला.

"काय झालं?"

"चूक माझी आहे, असं लिहून दिलं. गठ्ठा न उघडता बाद केला. अध्यक्ष म्हणाले, ढोलवाल्याला कालच कळवलंय, त्याला आता काय तोंड दाखवायचं. मी म्हटलं, माझं दाखवा, मी जाऊन सांगतो. मग म्हणाले, बाहेर थांबा."

"म्हणजे नाहीच म्हणणार."

"माहीत नाही."

"तुम्हाला कधीच काही माहीत नसतं. एवढं मोजता, आणि माहीत काही नसतं." तिचा आवाज भरून आला, आणि त्याचाही तिला राग आला. "त्या माणसांना मी काय सांगू? नियम होता म्हणून? त्यांचं कोणी काही मोजत नाही हो. पट्टी सुटली की घरी, घरी गेलं की कोपऱ्यात. एकदा कोणीतरी विचारलं, तुम्हाला काय हवं. तर तेही बाद."

तो हातातल्या ओल्या कागदाची घडी करत, उलगडत राहिला.

"मी त्या चिठ्ठ्या चार वेळा वाचल्या," तो शेवटी म्हणाला. "मोजणीला दोन वेळा पुरतं."

"उरलेल्या दोन?"

"उरलेल्या... अक्षरासाठी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. पावसाचे बारीक थेंब त्याच्या भुवयांवर बसले होते आणि हा माणूस ते पुसतही नव्हता.

"हे आत्ता सांगायचं होतं? इथे? माझा राग चालू असताना?"

"तुमचा राग थांबण्याची वाट बघितली असती, तर मला वाटतं..." त्याने हिशेब केल्यासारखा चेहरा केला. "पुढचा महोत्सव आला असता."

तिला हसू आलं. तिने ते दातांखाली दाबलं. आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा एकदम उतरला.

"एक विचारू? होडीवाल्या आजींना कोणी विचारलंय का? येणार का म्हणून?"

एकशे एकोणपन्नास माणसं. नाव, वय, कारण. हेडमास्तर, धोबीणबाई, टेप लावून ठेवणारे काका. सगळ्यांना आजी हव्या होत्या. आजींना हवं आहे का, हे कोणाच्याही, तिच्यासुद्धा, डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही तरी विचारायचं," ती म्हणाली.

"मी? मी तर त्यांना एक मत दिलं होतं."

"नंबर आहे का?"

"समितीच्या वहीत आहे. जुना."

तो आत जाऊन नंबर घेऊन आला आणि तिच्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. पाच वाजून बावीस मिनिटांनी तिने फोन लावला. आठ वेळा वाजल्यावर एका बाईने उचलला. आजींची नातसून. होडीवाल्या आजी? आहेत की. ठणठणीत आहेत. गातात? रोजच गातात, ऐकायला कोणी असो नसो. पण आता नदीवर गेल्यात. मंचावर? थांबा, मी बोलावून आणते, त्यांचं त्यांनाच विचारा, त्यांच्या वतीने बोललेलं त्यांना खपत नाही.

फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांब जाणाऱ्या चपलांचा. मग लांबून एक हाक... आणि तिला उत्तर नाही.

पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी समितीचा चिटणीस दार किलकिलं करून डोकावला. "तराजू, तुमच्या त्या आजी येणार आहेत का? तसं असेल तर पुढचं बोलता येईल."

"विचारतोय," तराजू म्हणाला.

"सहाला कागद जातो." दार बंद झालं.

"आणि मघाचं?" त्याने हळूच विचारलं. "माझं..."

"तुम्ही थांबा," ती फोन कानावर दाबून म्हणाली. "एका वेळी एकच."

सहा वाजता छापखान्याचा माणूस छत्री झटकत जिना चढून आला. तिने त्याला जाऊ द्यायला पाय बाजूला घेतले, आणि त्यामुळे तिला तराजूच्या शेजारी सरकावं लागलं. त्या माणसाने आतून कागद आणला, तो तिथेच उभा राहून वाचला. अकरा नावं होती. बारावी ओळ कोरी होती.

"हे असंच छापू?" त्याने विचारलं.

तिने हात वर करून त्याला थांबवलं. फोनमध्ये लांबवर कोणीतरी अजून हाका मारत होतं. सहा वाजून सहा मिनिटांनीही लाइन चालू होती.