पहाडीवरची डगाळ

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही.

पण यातला माणूस माझा मावसभाऊ आहे, आणि जे झालं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं. एकदा नाही, चारदा. चारही वेळा शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणाऱ्याला एवढं जमत नाही.

डिसेंबर २०१३. शनिवारची रात्र.

जागा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. प्रतापगडाच्या पलीकडे एक पहाडी आहे, तिचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. ज्यांना माहीत नाही त्यांनी जाऊन पाहू नये.

माझा हा भाऊ रत्नपाल. तेव्हा गोंदियात एका मोबाईलच्या दुकानात कामाला होता. त्याला वेड एकाच गोष्टीचं, सायकल. जाड टायरची, गिअरवाली, पुढे शॉकअप असलेली. डोंगर दिसला की हा चढलाच म्हणून समजा.

हे वेड त्याला लावलं भुपेंद्रनं.

भुपेंद्र त्याच पहाडीच्या पायथ्याच्या गावचा. शिकायला गोंदियात आला आणि तिथंच राहिला. दोघांची खोली एक, डबा एक. रविवारी पहाटे दोन सायकली नागऱ्याच्या मंदिराकडे निघायच्या, कधी थेट नागझिऱ्याच्या गेटापर्यंत जायच्या. माझी लीलामावशी सगळ्यांना सांगायची, मला दोन पोरं आहेत, एक मी जन्माला घातलं आणि एक आयतं मिळालं.

पण त्या वर्षीच्या पावसाळ्यापासून भुपेंद्र बदलला.

सायकलला हात लावेना. अंगानं उतरला. आणि एक विचित्र सवय लागली त्याला... पाठ भिंतीला टेकवून बसायचा. चहाच्या टपरीवर, खोलीत, कुठंही. झोपायचा तोही पाठ भिंतीला चिकटवून. भिंतीकडची जागा रिकामी नसेल तर उभ्यानं चहा पिऊन निघायचा.

"काय बे, पाठीले डिंक लावला का?" रत्नपाल चिडवायचा.

भुपेंद्र कसनुसा हसायचा.

जानेवारीत नागपूरकडे रात्रीची डोंगरी सायकल स्पर्धा होती. अंधारात, जंगलवाटेनं, एकेकाला वेगळं सोडणार. रत्नपालनं नाव दिलं, पण रात्रीचा सराव त्याला अजिबात नव्हता. तेव्हा भुपेंद्रच आपणहून म्हणाला, "माह्या गावची पहाडी आहे ना. चाल, तिथं कर सराव."

"तू पण येशील ना वर?"

"माहा गुडघा दुखून राहिला. अना तुले एकट्यानंच चालवाची आहे ना तिथं? मी खाली नाल्याच्या पुलापाशी टॉर्च घेऊन उभा राहतो. वरून दिसन तुले. भेवाचं कायले?"

मग जरा थांबून तो म्हणाला, "वर एक मोहाचं झाड आहे. त्याखाली डगाळीचा ढीग आहे. तिथून जाणाऱ्यानं एक डगाळ काढून संग आणावी लागते. आमच्या इकडचा रिवाज आहे."

डगाळ म्हणजे पानांसकट मोडलेली फांदी.

रत्नपाल हसला. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगात येणं, उतारा, नवस हे सगळं उंबऱ्याबाहेर. तो सरळ म्हणाला, "मी हे नाही मानत यार."

"तू नोको मानू. आमचे लोक मानतात. माह्यासाठी आण." भुपेंद्रनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तं माहा भाऊच आहेस. तुले नाही सांगू तं कोणाले सांगू?"

आता यावर माणूस काय बोलणार? दुसऱ्याच्या घरात आपण चपला काढतो, तेवढ्याच साध्या मनानं रत्नपाल हो म्हणाला.

त्या रात्री भुपेंद्रच्या आईनं, सुशिलाबाईंनी, दोघांना जेवू घातलं. सायकलचा दिवा लावताना पाहून त्यांनी विचारलं, "इतल्या रातीले कुठं निघाले गा?"

रत्नपालनं तोंड उघडायच्या आत भुपेंद्र बोलला, "सडकेनंच फिरून येतो माय."

रत्नपालला ते खटकलं. पण आईला काळजी नको म्हणून बोलला असेल, असं त्यानं मनाला समजावलं. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्या खोट्यालाही आपणच कारणं शोधून देतो.

पुलापाशी भुपेंद्र थांबला. रत्नपाल चढाला लागला.

थंडी मी म्हणत होती. दोन्ही बाजूंनी साग आणि ऐन. दिव्याचा गोल पुढं पुढं सरकत होता, त्याबाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. चेनचा आवाज आणि त्याचा स्वतःचा श्वास.

मधल्या वळणावर त्यानं खाली पाहिलं. पुलापाशी टॉर्च दिसत होती. त्यानं हात हलवला, खालून टॉर्च हलली. त्याला बरं वाटलं.

वर पोचला तेव्हा अंगातून वाफ निघत होती. समोर मोहाचं झाड. खाली ढीग. कमरेएवढा उंच. वरच्या डगाळी हिरव्या, कालपरवाच्या वाटाव्यात अशा. खालच्या वाळून काळ्या पडलेल्या.

काढण्याचा रिवाज असेल तर ढीग वाढतो कसा, हा विचार त्याला तेव्हा सुचला नाही.

त्यानं एक डगाळ ओढली आणि हँडलला बांधली.

आणि मग...

वास आला.

गोड, जड, डोक्यात चढणारा. मोहाच्या फुलांचा. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मोह फुलतो होळीच्या आगेमागे. डिसेंबरात नाही.

त्यानं दिवा वर फिरवला. झाडावर एक फूल नव्हतं.

चर्र...

वाळल्या पानावर पाऊल पडलं.

चर्र... चर्र...

जनावर असं चालत नाही. ही चाल सावकाश होती, डोक्यावर ओझं असलेल्या बाईमाणसाची.

"कोण आहे?"

पावलं थांबली नाहीत. दिव्यात फक्त पाचोळा दिसत होता. त्यातलं एकेक पान दबत होतं, आणि दबणारं पान दर वेळी थोडं जवळचं होतं.

रत्नपालनं सायकल वळवली आणि उताराला घातली.

मागं पावलांचा वेग वाढला. चर्र चर्र चर्र... अगदी मागच्या चाकापाशी.

आणि एकदम आवाज बंद झाला.

सुटलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात सायकल जड झाली.

उतार होता. पेडल न मारता चाकानं पळायला हवं होतं. पण मागचा टायर दबला होता, हँडल हलकं पडलं होतं. गावात कोणालाही मागं बसवलं की सायकल जशी होते, अगदी तशी.

या सायकलला कॅरिअरच नव्हतं.

त्यानं मागं पाहिलं नाही. पाहायची गरजही राहिली नाही, कारण कमरेपाशी त्याचं जॅकेट ओढलं गेलं... मुठीत धरल्यासारखं. एका अंगानं बसलेली बाई तोल जाऊ नये म्हणून धरते ना, तसं.

वास आता मानेपाशी येत होता.

"भुप्या!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "भुप्या, थांब बे! मी येऊन राहिलो!"

शेवटच्या वळणावर पूल दिसला. टॉर्चही दिसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं.

टॉर्च वर उचलली गेली. प्रकाश त्याच्यावर आला.

नाही. त्याच्यावर नाही. त्याच्या खांद्यावरून... मागं. तिथं तो प्रकाश थोडा वेळ स्थिर राहिला.

मग टॉर्च विझली.

आणि अंधारात कोणीतरी पळत सुटलं. ती पावलं माणसाची होती. चपलांची. गावाकडे जाणारी.

ही गोष्ट सांगताना रत्नपाल इथं थांबायचा. पहाडीवर जे बसलं त्याच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज कधी कापला नाही. त्या टॉर्चबद्दल बोलताना कापायचा.

तो घरापर्यंत कसा आला, त्याचं त्यालाच आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भुपेंद्र झोपला होता. खाट घराच्या मधोमध ओढून, कुशीवर, पाठ उघडी टाकून. पावसाळ्यापासून जो माणूस भिंत सोडून झोपला नव्हता, तो घोरत होता.

रत्नपालला त्याला लाथ घालून उठवायचं होतं. पण पाय उचलला नाही. तो भिंतीपाशी गेला आणि पाठ टेकवून बसला. पाठीला भिंत लागली की तेवढी जागा उरत नाही... मागच्याला बसायला.

सकाळी सुशिलाबाई सडा टाकायला बाहेर आल्या. हँडलला बांधलेली डगाळ पाहून त्यांच्या हातातली बादली तिथंच राहिली.

"हे कुठची?"

"पहाडीवरची. ढिगातली."

"काढली तू?" त्या मटकन खाली बसल्या. "बापा, तिथं टाकतेत. काढत नाही कोणी."

मग त्यांनी सांगितलं. फार जुनी गोष्ट. एक बाई पहाटे मोह वेचायला गेली, तिला वाघानं नेलं. सापडली तेव्हा लोकांनी तिला डगाळींनी झाकलं. तेव्हापासून तिथून जाणारा प्रत्येक जण एक डगाळ टाकून पुढं जातो, तिच्या अंगावरचं पांघरूण कमी पडू नये म्हणून.

"जो काढते, त्याच्या मांगं थे येते. अना दुसऱ्यानं काढली का पयल्याले सोडते." त्या वर पाहत म्हणाल्या, "तुले कोणं सांगतलं काढायले?"

रत्नपालनं फक्त दाराकडे पाहिलं.

दारात भुपेंद्र उभा होता. ताजातवाना. सुशिलाबाईंनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. त्यांना कळलं.

"पावसाळ्यात चाक गाऱ्यात फसलं होतं," भुपेंद्र जमिनीकडे पाहत म्हणाला. "चाकाखाली टाकाले दोन डगाळी ओढल्या. मले वाटलं, कोण पाहून राहिलं? मंग नाही सहन झालं यार."

"मले सांगाचं तं होतं," रत्नपाल म्हणाला. "विचाराचं तं होतं बे एकदा. मी नाही म्हटलं असतं का तुले?"

"तू मानत नाहीस ना." भुपेंद्र अगदी हळू बोलला. "मी म्हटलं, जो मानत नाही त्याले काही होत नसन."

रत्नपाल त्याच दिवशी भर दुपारी वर गेला. ती डगाळ परत ठेवली, हाताची कातडी निघेपर्यंत नव्या तोडून टाकल्या. उतरताना सायकल तशीच जड होती.

भुपेंद्र पुढं रायपूरला निघून गेला. नंबर बदलला. सुशिलाबाई दोनदा मावशीकडे येऊन रडून गेल्या, पण रडून काय होतं?

स्पर्धा राहिली. सायकल विकायला रत्नपाल तयार नाही, घेणाऱ्याचं वाटोळं होईल म्हणतो. कधीही या, तो भिंतीला पाठ लावूनच बसलेला दिसेल. मावशीच्या घरात बाराही महिने मोहाचा वास येतो. मावशीला तो येत नाही. मला येतो.

"मी मरन, पण असं कोणासंग करणार नाही," तो मला म्हणाला होता. मी विश्वास ठेवला. आमच्या सगळ्या नात्यात त्याच्याइतका सरळ माणूस दुसरा नाही.

चारही वेळा गोष्ट संपली की तो एकच प्रश्न विचारायचा.

"चंदूदादा, तू मानतोस का हे?"

त्याला धीर हवा आहे असं मला वाटायचं. म्हणून मी दर वेळी पाठीवर थाप मारून म्हणायचो, छे रे, मी असलं काही मानत नाही. तो मान हलवायचा.

आज ही गोष्ट लिहायला बसलो, कारण काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता, कित्येक दिवसांत ऐकला नव्हता इतका मोकळा.

"दादा, शनिवारी चाल ना माह्यासंग. प्रतापगडाकडे. एक पहाडी आहे, तू फक्त वर जाऊन ये. गाडीनं जा पाहिजे तं."

तो बोलतच राहिला.

"मी खाली पुलापाशी टॉर्च घेऊन उभा राहतो. वरून दिसन तुले."

"रत्न्या," मी म्हणालो, "तू मला काय करायला सांगून राहिला, तुला समजते का?"

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी प्रेमानं म्हणाला,

"तू तं माहा भाऊच आहेस दादा. तुले नाही सांगू तं कोणाले सांगू? अना तू तं मानत नाहीस ना."

मी फोन ठेवला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

रात्री झोप लागली नाही. उठून बसलो तेव्हा लक्षात आलं, मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो.