शून्यापासून सुरू झालेलं उत्तर

"माझी मुलगी चोर नाही," असं म्हणत त्या बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पिशवीतून क्रोशाची सुई काढून चक्क विणायलाच लागल्या. "माफ करा हं. हात रिकामे राहिले की मला बोलणं सुचत नाही."

वहिनींनी मान डोलावली. खाजगी तपासाचं हे ऑफिस त्यांनी नवऱ्याच्या दुकानाच्या माळ्यावर थाटलं होतं. मदतीला त्यांचे दीर. ते गाडी झकास चालवत. विचार मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये.

"काय चोरलं म्हणतात?" भावजींनी विचारलं.

"उत्तर!"

मुलगी विद्यापीठात कॉम्प्युटर शिकत होती. अंगानं इतकीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पहिल्या वर्षाला डिस्क्रीट गणिताचा, म्हणजे सुट्या संख्यांच्या गणिताचा, पेपर होता. त्यात एक प्रश्न आला. खोलीत कितीही माणसं असोत, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला, तर एकूण किती वेळा हात मिळवले जातील याचं सूत्र सिद्ध करा. पद्धत अशी की आधी सगळ्यात लहान खोलीसाठी सूत्र पडताळायचं, मग एकेक माणूस वाढवत न्यायचा. अख्ख्या वर्गानं, शिकवल्याप्रमाणे, एका माणसापासून सुरुवात केली. चिमणीनं एकटीनं लिहिलं, 'रिकाम्या खोलीपासून सुरुवात करू. माणसं शून्य, हात मिळवणंही शून्य.'

कुलपात ठेवलेल्या नमुना उत्तरात अगदी हेच शब्द होते.

"उद्या चौकशी समिती बसणार. नाव काढून टाकतील. आणि कार्टी तोंड उघडत नाही! 'मी चोरलं नाही,' एवढंच. पुढे मूग गिळून गप्प."

बोलता बोलता त्यांनी नवी साखळी घातली. भावजी टक लावून बघत होते. "पाच टाके झाले."

"चार. ती पहिली गाठ धरायची नाही, ती शून्य. चिमणी धड बोलतही नव्हती तेव्हापासून माझ्याबरोबर अशीच मोजते."

वहिनींनी पर्स उचलली. "भावजी, गाडी काढा. पाळणाघर बंद व्हायच्या आत मला पिल्लू आणायचंय."

तो पेपर काढणाऱ्या प्राध्यापकबाईंचा सहायक विभागातल्या खोलीत नखं कुरतडत बसला होता. नमुना उत्तर त्याच्याच कपाटात होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी चिमणी गृहपाठ द्यायला आली, तेव्हा तो पाच मिनिटं बाहेर गेला होता.

"कपाट उघडं टाकून?"

"किल्ली कपाटालाच राहिली होती," तो कुजबुजला. "दोन उत्तरं जुळतायत हे तपासताना मलाच दिसलं. मी समितीला सांगितलं नसतं तर उद्या माझ्यावर शेकलं असतं."

"नमुना उत्तर टाइप कोण करतं?"

"मीच. पण बाई कागदावर कधीच मांडत नाहीत. घरी जेवणाच्या खोलीत फळा आहे, सगळं त्यावर. सकाळी जाऊन मी उतरवून आणतो. साहेब गेल्यापासून बाईंना तो फळा आणि वर्ग, दोनच गोष्टी उरल्यात."

"हे उत्तर उतरवताना काही वेगळं वाटलं?"

"वाकावं लागलं. सगळं फळ्याच्या खालच्या भागात. पाठ धरली असेल, खुर्चीत बसून लिहिलं असेल. अक्षरही जरा वेगळं होतं."

"विचारलं नाहीत?"

"बाईंना? मला नोकरी टिकवायचीय, मॅडम."

प्राध्यापकबाईंनी दार उघडलं तेव्हा भावजींना मान वर करावी लागली. सरळ, उंच, पांढऱ्या केसांच्या. स्वयंपाकघरात त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरचे कप टाचही न उचलता काढले. त्याच फळीखाली एक बुटकं लाकडी स्टूल होतं.

"घरात आणखी कोण असतं?" वहिनींनी विचारलं.

"मी आणि हा फळा. चहा घेणार ना?"

"घेऊ की. बाई, रिकाम्या खोलीपासून मोजायला सुरुवात करणं चूक आहे का?"

"चूक नाही, आचरटपणा आहे!" त्या एकदम वर्गात शिरल्यासारख्या ताठ झाल्या. "खोलीत कुणी नसेल तर मोजायला बसलंय कोण? सुरुवात एकापासून. सगळी हयात मी हेच शिकवलं."

"मग तुमच्या नमुना उत्तरात शून्य कसं?"

बाईंचा हात कपावर थांबला. "त्या दिवशी... तसं सुचलं."

"चिमणी इथं यायची?"

"कधीच नाही. विद्यार्थ्यांना मी घरी येऊ देत नाही." कपांकडे बघत त्या क्षणभर घुटमळल्या. मग हसून म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

गाडीत भावजी खूश होते. "किती अगत्य! चहाचं दोनदा विचारलं."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "दोनदा."

चिमणी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली होती. आईच्या खांद्यालाही न लागणारी.

"तू बाईंच्या घरी जायचीस?" वहिनींनी विचारलं.

"बाई काय म्हणाल्या?"

"कधीच आली नाहीस म्हणाल्या."

मुलीचे ओठ घट्ट मिटले. डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. "मग नसेन आले."

"अगं, तुझं नाव निघेल."

"मला दुसरीकडे शिकता येईल," ती म्हणाली. "त्यांना दुसरीकडे शिकवता येणार नाही."

वहिनींनी पाळणाघरात फोन करून जरा उशीर होईल म्हणून गयावया केली. संध्याकाळी सगळे बाईंच्या जेवणाच्या खोलीत जमले, चिमणी, तिची आई आणि सहायकसुद्धा.

"चिमणी, पाणी आण गं," वहिनी सहज म्हणाल्या.

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. अंधारातच बरोबर बटण दाबलं, पायानं स्टूल पुढे सरकवलं, चढून वरच्या फळीवरचा पेला काढला आणि तशीच थिजली.

"कधीच न आलेली मुलगी," वहिनी हळूच म्हणाल्या.

"म्हणजे घरात घुसून चोरलं?" भावजी ओरडले.

"भावजी, थांबा. उत्तर चोरलं असतं तर दोन्ही जुळली असती, हे खरं. पण जुळली म्हणजे चोरलंच, हे त्यातून निघत नाही. हा उलटा रस्ता आहे, आणि गणिताचा अख्खा विभाग त्या रस्त्यानं गेला. चिमणीनं बाईंचं उत्तर घेतलं नाही. बाईंचं उत्तर चिमणीकडून आलं."

सहायकाची नखं तोंडातच राहिली.

"शून्यापासून मोजणं बाईंना आचरटपणा वाटतो. इथे शून्यापासून मोजणारी एकच, क्रोशाच्या पहिल्या गाठीला शून्य म्हणत वाढलेली. तुम्ही वाकून उतरवलंत ते उत्तर बसून लिहिलेलं नव्हतं. ते बुटक्या मुलीनं उभं राहून लिहिलं होतं. आणि एकट्या राहणाऱ्या उंच बाईला स्टूल कशाला लागतं?"

"पण मग बाई खोटं का बोलल्या?" भावजींनी विचारलं.

वहिनींना पुढचं जड गेलं. "खोटं नाही बोलल्या. चहाचं दोनदा विचारलं ना, तसंच."

मग बाई चिमणीकडे वळल्या. "सांग."

"सांगू नकोस असं तुम्हीच म्हणाला होतात, बाई."

"मी म्हणतेय ना आता. सांग."

"तुम्ही संध्याकाळी बोलवायचात. शिकवायचं ते विसरायला होतं म्हणालात. मी आधी समजावून सांगायचे, मग तुम्ही सकाळी वर्गात शिकवायचात. माझ्यापेक्षा कितीतरी छान." तिचा आवाज चिरकला. "फळ्यावर मी सोडवलेला तो प्रश्न परीक्षेत येईल हे मला माहीत नव्हतं. मला जसं येतं तसंच लिहिलं."

"आणि सकाळी मला वाटलं, मीच मांडलंय," बाई म्हणाल्या. "शून्य बघून खटकलं होतं. पण विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर मी विसरते हे कबूल करावं लागलं असतं." त्यांनी मुलीचा हात धरला. "मी तुला सांगू नकोस म्हणाले तेव्हा रडले होते का?"

"थोडंसं."

"आणि नंतर तुला चोर ठरू दिलं."

चिमणीच्या आईनं तोंडाला पदर लावला. राग घेऊन आलेली ती आई आता कुणासाठी रडतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

बाई उठल्या. हात उंचावून फळ्याच्या अगदी वरच्या कडेला ठसठशीत अक्षरात लिहू लागल्या. 'चिमणी निर्दोष आहे. उत्तर तिचंच. मला आठवत नाही. समितीला हे सांग आणि वर्ग सोड.'

"बाई, पुसा ते! शेवटची ओळ तरी!" चिमणीनं उडी मारली. हात पोचला नाही.

"म्हणूनच वर लिहिलं. सकाळी मी वाचीन. नाहीतर उद्या समितीसमोर पुन्हा तुला चोर ठरू देईन." त्यांनी भावजींना खूण केली. "ते स्टूल गाडीत टाका. रात्री येऊन पुसेल ही."

भावजींनी स्टूल उचललं. आज पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही.

"स्टूल नेलं तर मी कप कसे काढणार?" चिमणी हुंदके देत म्हणाली.

बाई थबकल्या. "वर्ग नसला तरी येशील?"

मुलीनं मान डोलावली.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि वरच्या फळीवरचा एकेक कप उतरवून खालच्या फळीवर मांडू लागल्या.